तिजानीकाकांची होडी हलेना

"कुठे लागलाय तो मडक्याला? आंधळं आहेस का?" ओल्फा कडाडली. समोर माणूस नव्हता, संगणकाचा पडदा होता. स्फाक्स शहराच्या बंदरामागच्या त्या छोट्या कचेरीत कुणी मानही वर केली नाही. फक्त शेजारच्या टेबलावरच्या वजदीने कानावरचा हेडफोन जरासा सरकवून विचारलं, "आज काय केलं त्या बिचाऱ्याने?"

"बिचारं म्हणे! तू त्याची बाजू घेऊ नकोस."

या कचेरीत इंटरनेटच्या पानांसाठी हलत्या-बोलत्या जाहिराती बनत. कधी ऑलिव्हच्या तेलाची धार, कधी लग्नाच्या हॉलातली झुंबरं. चित्रं ओल्फा काढायची, आवाज वजदी भरायचा. त्या कामाला त्यांचं सॉफ्टवेअर सोन्यासारखं होतं. तेलाची धार अशी पडायची की पावाचा तुकडा बुडवावासा वाटे. पण ओल्फा मूळची केर्केना बेटांवरची, आणि यंदाच्या ऑक्टोपसच्या मेळ्यात आपल्या गावासाठी एक खेळ बनवून आणते, असा शब्द ती देऊन बसली होती. दोन खेळाडू, दोन होड्या. होडी डावी-उजवीकडे न्यायची, दोरीला बांधलेलं मडकं समुद्रात सोडायचं, ऑक्टोपस त्यात शिरला की गुण आपला.

तिथेच घोडं पेंड खात होतं. ते सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राभोवती मनातल्या मनात एक चौकोन आखायचं आणि दोन चौकोन एकमेकांना भिडले की म्हणायचं, लागलं! तेलाच्या बाटलीला हे चालून जातं. आठ पाय पसरून पोहणाऱ्या प्राण्याला कसं चालावं? दोन पायांमधल्या नुसत्या पाण्याला मडकं लागलं तरी ऑक्टोपस पकडला जायचा.

खेळ पहिल्यांदा खेळून बघायला तिजानीकाका आले. ओल्फाच्या वडिलांचे हे थोरले भाऊ. उभा जन्म समुद्रावर गेलेला, आता मुलाकडे शहरात राहायचे आणि कंटाळायचे. दोन-चार मडकी टाकून झाली आणि त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला.

"पोरी, हे पाप आहे."

"काय झालं काका?"

"तो तिकडे हातभर लांब, आणि तुझं यंत्र म्हणतंय मी धरला! असली लबाडी मी जन्मात केली नाही. बेटावर हे दाखवलंस तर मला तिथे तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

त्याच सुमारास कचेरीच्या मालकांनी, मोन्सेफ साहेबांनी, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणली. ओल्फाने मोठ्या आशेने त्यात नवीन काय आहे ते वाचायला घेतलं. अक्षरांना सावली. पान उलटल्याचा देखावा. व्हिडिओखाली गोल बटणं. वजदी मागून डोकावला.

"आणि खेळांसाठी?"

"आहे ना. अक्षरांना सावली."

"मग बस त्या सावलीत आणि रड."

रडणं ओल्फाच्या स्वभावात नव्हतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं इंटरनेटवर चर्चेचं एक पान होतं, तिथे तिने ठणकावून लिहिलं, 'आम्ही कितीतरी जण यावर खेळ बनवतो. आकाराला आकार लागला की नाही ते कळावं, दोन बटणं एकदम दाबली तर दोन्ही ऐकू यावीत, एवढंही तुमच्याच्याने होत नाही?' कंपनीच्या माणसाचं उत्तर लगेच आलं, तेही अगदी अदबीने: हे साधन मुळात खेळांसाठी नाहीच.

"वाच, वाच!" ओल्फा वजदीला म्हणाली. "चमच्याने जेवणाऱ्याला सांगायचं, की चमचा फक्त चहा ढवळायला असतो!"

पण त्या उत्तराखाली मुंग्यांची रांग लागावी तशी माणसं येऊ लागली. चिलीतली एक बाई उड्या मारणाऱ्या लामा प्राण्याचा खेळ बनवत होती. तुर्कस्तानातला एक गणिताचा मास्तर आकड्यांची शर्यत बनवत होता. सगळ्यांचं दुखणं तेच, शिव्याही त्याच. वाचता वाचता ओल्फाला हसू फुटलं. त्या मास्तरने सुचवलं होतं: अख्ख्या ऑक्टोपसला विचारूच नका. त्याच्या डोक्यावर एक न दिसणारा बारीक ठिपका ठेवा आणि फक्त त्या ठिपक्याला विचारा, मडक्यात आलास का?

ओल्फाने तसं केलं, आणि जमलं! पाय मडक्याभोवती खुशाल वळवळत, आणि डोकं आत गेलं की 'टुण्' वाजे. तो आवाज वजदीने आईच्या कुसकुस शिजवायच्या भांड्यावर टिचकी मारून भरला होता. काकांनी पुन्हा खेळून पाहिलं आणि मान डोलावली. "आता कसं! डोकं आत गेलं की ऑक्टोपस आपला."

दोन बटणांच्या दुखण्यावर मात्र कुणाकडेच औषध नव्हतं. एकाने बटण दाबून धरलं की दुसऱ्याचं सॉफ्टवेअरला ऐकूच येत नसे. दाबून कोण धरतंय, अशी ओल्फाने मनाची समजूत घातली आणि बेटावर जायची बोट गाठली.

मेळ्यात भाजलेल्या ऑक्टोपसचा घमघमाट सुटला होता, ढोल वाजत होते. गर्दी मात्र संगणकाभोवती. एका खुर्चीवर तिजानीकाका, दुसरीवर शेजारच्या गावची मबरूकामावशी. गुडघाभर पाण्यात उतरून हाताने ऑक्टोपस धरणारी बाई ती, जीभ तर त्याहून तिखट. बोट बटणावर ठेवून दिलं की काकांची होडी जागची हलत नाही, हे तिने बघता बघता हेरलं.

"माझी होडी हलेना!" काका ओरडले.

"म्हातारी झाली असेल, मालकासारखी."

"बोट उचल, मबरूका!"

"माझं बोट, माझं बटण. तुम्ही दाबा ना तुमचं, कोण अडवतंय?"

लोक पोट धरधरून हसायला लागले. ओल्फाला टेबलाखाली लपावंसं वाटत होतं. पण तिने नीट पाहिलं, तर कुणीच चिडलेलं नव्हतं. उलट मागे रांग वाढत होती, आणि जो तो मबरूकामावशीच्याच खुर्चीवर बसायला बघत होता. मावशी जिंकली. बक्षिसाची, भाजलेल्या ऑक्टोपसची बशी घेऊन काकांच्या समोरच चवीचवीने खात बसली.

"या सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलता येतं का?" काकांनी विचारलं.

"लिहिता येतं."

"मग बस. मी सांगतो ते लिही."

"मी जिंकले, तेही लिही," मावशी भरल्या तोंडाने म्हणाली.

"लबाडीने जिंकली, ते आधी लिही!"

ओल्फाने दोघांचं सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि चर्चेच्या पानावर टाकलं. चिलीच्या बाईने कळवलं की ती दिवसभर हसते आहे. मास्तरने आपल्या शाळेसाठी खेळ मागून घेतला. कंपनीच्या माणसाचंही उत्तर आलं, पण या खेपेला 'हे खेळांसाठी नाही' असं त्यात नव्हतं. दोघं मिळून एका वेळी किती बटणं दाबतात, एवढंच त्याने विचारलं होतं. ओल्फाने त्याला सविस्तर, अगदी चित्रं काढून उत्तर पाठवलं.

वर्षभराने आलेल्या आवृत्तीत दोन बटणं एकदम ऐकू येत होती. ते या तक्रारीमुळे झालं की आणखी कशामुळे, हे कंपनीने कुणालाच सांगितलं नाही. काकांनी मात्र बंदरावरच्या प्रत्येक कॅफेत सांगितलं, "मी बोललो, त्यांना करावंच लागलं." चौकोन अजून तसाच होता. ओल्फाने नव्या जोमाने शिव्या घातल्या आणि पुढच्या तक्रारीला बसली.

त्या वर्षीच्या मेळ्यात दोन्ही होड्या सुसाट धावल्या. कुणी कुणाला अडवलं नाही, आणि तरीही तिजानीकाका हरले.

"आता काय म्हणणं आहे?" मबरूकामावशीने विचारलं.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "पोरी, परत लाव."

मागची रांग कुरकुरली. पण दोघांपैकी एकानेही खुर्ची सोडली नाही, आणि ओल्फाने हसत नवा डाव लावला.