उकिरड्यावर वाचलेली पानं

सकुबाईच्या घरात पुस्तक आलं ते भाताची झोडणी चालू होती तेव्हा. त्याआधी त्या घरात छापील अक्षर म्हणून काही असेल तर ते काडेपेटीवरचं. मुलगा कोंडू कसाऱ्याला रेल्वेच्या लायनीवर कामाला होता आणि महिन्या-दीड महिन्यातून घरी यायचा. तिथल्या स्टेशनमास्तरांच्या बायकोनं त्याला सहज विचारलं, "घरी काय विशेष?" आणि हा बाबा लाजत लाजत सगळंच सांगून बसला. बाई मूळच्या पुण्याच्या. गरोदर बाईनं काय खावं, कसं बसावं, कसं उठावं याचं एक पुस्तक त्यांच्याकडे होतं. त्यांचं काम झालं होतं, म्हणून त्यांनी ते कोंडूच्या हातात ठेवलं.

"यात समदं लिवलंय, आये," कोंडू म्हणाला.

"समदं म्हंजे काय रे?"

"पोर कसं जगतं त्ये."

सकुबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिच्या जिभेवर ते नेहमीच तयार असायचं. पण ती गप्प बसली, कारण गेल्या सालच्या भादव्यात याच घरात देवकीला बाळ झालं होतं आणि ते रडलंच नव्हतं. कोंडूनं त्याला टॉवेलात गुंडाळून ओढ्यापलीकडे नेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो कामावर निघून गेला. आता पुन्हा देवकीला दिवस गेले होते आणि पोरानं कुठूनसं एक पुस्तक आणलं होतं. त्याला हसायचं कसं?

देवकी मुरबाडची. तिचा बाप तिथल्या शाळेत शिपाई, त्यामुळे पोर चार यत्ता शिकलेली. लग्न ठरताना हा तिचा दोषच धरला होता लोकांनी. आता मात्र पाड्यातल्या बायकांना त्या दोषाची भलतीच गोडी लागली. दुपारी कांडण चाललं की शेजारची बाईजा, तिची सून जना, पलीकडची पारू अशा सगळ्या सकुबाईच्या पडवीत जमायच्या. कुणी उखळाशी, कुणी सूप घेऊन, आणि देवकी खांबाला टेकून पुस्तक वाचायची.

बाईजाचा तर रुबाब विचारू नका. पाड्यातली बहुतेक पोरं तिच्याच हातांवर जगात आलेली. पुस्तकाची परीक्षा घ्यायचा मान तिनं कुणालाही न विचारता स्वतःकडे घेतला.

"'सकाळी उठताच संत्र्याचा रस घ्यावा,'" देवकी वाचायची.

"नापास!" बाईजा म्हणायची. "संत्र्याचं झाड हाय का कुनाच्या परड्यात?"

"'दुपारी आरामखुर्चीत पडून सुंदर चित्रे पाहावीत.'"

"नापास. म्होरं."

"'मोकळ्या हवेत हिंडावे.'"

"पास. हवा आपल्याकडं लय हाय."

"'जड ओझे उचलू नये.'"

इथं बायका जरा थबकल्या. हे खरं आहे, हे प्रत्येकीला आतून ठाऊक होतं. "पास," बाईजा म्हणाली, "पन हांडा कोन आनील? पुस्तकवाला येनार हाय का वहिरीवर?" मग "पतीने पत्नीशी मधुर भाषण करावे" असं आलं तेव्हा पारूनं तोंडाला पदर लावला, जना इतकी हसली की तिच्या सुपातली कणी सांडली, आणि बाईजानं ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं. पास की नापास, ते काही सांगितलं नाही.

सकुबाई हसत नसे. ती सुनेकडे बघत असे. पोरगी अंगानं चांगली भरली होती. पाय कसे गुबगुबीत झाले होते, गालही वर आले होते. "पायांवर अशी भरली म्हंजे पोट सुखात हाय," बाईजा सांगायची, आणि सकुबाईला बरं वाटायचं. मागच्या खेपेला पोरगी वाळली होती, या खेपेला भरली होती. म्हणजे देवानं पाहिलं. सकुबाईनं ग्रामदेवीला नारळ बोलून ठेवला होता आणि त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता.

घरात एक नियम होता. तो सकुबाईचा एकटीचा नव्हता, सगळ्या पाड्याचाच होता. गरोदर बाई असलेल्या घरात अभद्र बोलायचं नाही. घरात वास्तू असते. कुठला शब्द निघतो इकडे तिचा कान असतो, आणि ती तथास्तु म्हणते. म्हणून मेला, गेला, बुडाला, संपला हे शब्द त्या घरात बंद. पीठ संपलं तर 'पीठ वाढलं' म्हणायचं. गेल्या साली एका सकाळी देवकी म्हणाली होती, "आत्याबाय, पोट गप हाय. पोर हलंना." सकुबाईनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला होता. सकुबाईचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

वाचता येत नसलं तरी सकुबाईला डोळे होते. देवकी पान उलटताना बोट जिभेला लावायची. एक पान, एक बोट. पण पुस्तकात एक जागा अशी होती की तिथं आल्यावर ती बोट न लावताच दोन-तीन पानं एकदम उलटायची आणि पुढचं वाचायला लागायची. एकदा झालं. दुसऱ्यांदा पुस्तक पहिल्यापासून वाचलं तेव्हा पुन्हा तिथंच झालं. सकुबाईनं आयुष्यभर तांदूळ निवडले होते. खडा कुठं आहे हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवकी आंघोळीला गेली तेव्हा सकुबाईनं पुस्तक उघडलं. बाकीची पानं बऱ्यापैकी पांढरी होती. तीच दोन-तीन पानं मात्र कडेला हळदीच्या बोटांनी पिवळी झाली होती. जी पानं पडवीत कुणी ऐकली नव्हती, ती पोरगी चुलीपाशी एकटी बसून वाचत होती. पुन्हा पुन्हा वाचत होती.

सकुबाईनं पुस्तक होतं तिथं ठेवलं.

त्या दुपारी तिनं बायकांना "आज कांडण नाय" म्हणून परत पाठवलं आणि देवकीसमोर बसली.

"त्या पानांत काय हाय गो?"

"कुठल्या?"

"तुला ठाव हाय कुठल्या."

देवकीनं खाली बघितलं. "काय नाय, आत्याबाय. अभद्र हाय."

सकुबाईनं भिंतीकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं. शेणानं सारवलेली, पांढऱ्या मातीनं पोतारलेली भिंत, तिच्या स्वतःच्या हातची. आज पहिल्यांदा तिला त्या भिंतीचा राग आला. मेली कान लावून बसलीय नुसती! पण राग आला म्हणून नियम मोडायची हिंमत काही तिला झाली नाही. कोण मोडील? ज्या घरात एक बाळ रडलं नाही, त्या घरात कुणाची छाती होईल?

मग ती उठली. "चल."

"कुठं?"

"पुस्तक घे आन् चल."

गोठ्याच्या मागं, परड्याच्या टोकाला उकिरडा होता. शेण, केर, चुलीतली राख, सगळं तिथं. सकुबाईनं त्याच्याजवळचा एक दगड पदरानं पुसला आणि सुनेला त्यावर बसवलं. स्वतः समोर उकिडवी बसली.

"हितं वास्तू नाय," ती म्हणाली. "हितं कोन तथास्तु म्हननार नाय. जे पडंल ते उकिरड्यात पडंल. वाच."

देवकी बघतच राहिली. मग तिनं पानं उघडली आणि वाचायला लागली. पडवीत वाचायची तशी नाही, तर शाळेत मास्तरांपुढं उभं राहून वाचावं तशी, एका सुरात, शब्दावर शब्द ठेवत.

"'पुढील लक्षणे दिसताच विलंब न लावता डॉक्टरास दाखवावे. पायांस, हातांस, तोंडास सूज येणे. अंगठ्या व बांगड्या घट्ट होणे. डोके सतत दुखणे. डोळ्यांपुढे ठिणग्या दिसणे वा अंधारी येणे. पोटात वरच्या बाजूस कळ येणे. पुष्कळ स्त्रिया या सुजेस अंगाची भर समजतात. हा समज घातक आहे. हयगय केल्यास झटके येऊन माता व मूल दोघांचा...'"

ती थांबली.

"वाच. उकिरडा हाय."

"'...दोघांचा मृत्यू ओढवतो.'"

गोठ्यात बैलानं मान हलवली.

"यातलं तुला काय काय होतंय?" सकुबाईनं विचारलं.

"समदंच," देवकी म्हणाली. "डोकं तर रोजच दुखतंय. काल पानी शेंदताना वहीर दिसंना झाली. बोलले तर खरं व्हईल म्हनून नाय बोलले." आणि मग तिचा धीर सुटला. "आत्याबाय, मला लय भ्या वाटतंय हो. मागच्या खेपेलाबी मला ठाव होतं. मला समदं ठाव होतं."

सकुबाईनं तिला जवळ ओढलं. एवढ्या मोठ्या पोटासकट ती पोर तिच्या कुशीत नीट मावेना, तरी तिनं ओढलंच. "बोल," ती म्हणाली, "काय बोलायचं ते बोल. मी हाय." तिला स्वतःला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. पदर शेणात लोळत होता, त्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

मग तिनं सुनेचा पाय मांडीवर घेतला. बोटानं दाबला तर खळगा पडला आणि तो खळगा भरून येईना. बोटांतली जोडवी मांसात रुतली होती, कडेची कातडी काळीनिळी पडली होती. ज्या पायांचं कौतुक चाललं होतं, ते हे पाय. सवाष्णीनं स्वतः जोडवी काढायची नाहीत हे देवकीला ठाऊक होतं, म्हणून ती दुखणं सोसत होती. सकुबाई घरातून खोबरेल घेऊन आली. "तू हात लावू नको," ती म्हणाली. "मी काढते. काय व्हायचं ते मला होऊ दे." तेल लावून, दोरा गुंडाळून, हळूहळू एकेक जोडवं तिनं सोडवलं.

बाईजाचा नवरा लडकू बैलगाडी जुंपायला कुरकुरला नाही, पण बाईजा आडवी आली. "येडी का खुळी तू? पोरगी अंगानं भरलीय आन् तू तिला दवाखान्यात घालतेस? नजर लागंल. बुकातलं वाचून कोन जगलंय का?"

"बाय गो," सकुबाई म्हणाली, "नजर लागली तर मी काढीन. सर तिकडं."

शहापूर तिथून दोनच कोस, पण त्या दिवशी तो रस्ता संपता संपेना. गाडीत पेंढा घालून त्यावर देवकीला निजवलं होतं. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं देवकीच्या दंडाला पट्टा आवळून फुगवला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यानं तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. सकुबाईनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. पण नळीत वर पांढरं साकळलं, नासक्या दुधासारखं, आणि डॉक्टर म्हणाला, "आणखी आठ दिवस घरी ठेवली असतीत, तर मला काही करता आलं नसतं."

मीठ बंद, काम बंद, अंधाऱ्या खोलीत निजून राहायचं आणि रोज दाखवायचं. तिथल्याच बाजारपेठेमागं सकुबाईची बहीण हिराबाई राहायची, तिच्या माजघरात देवकीचं अंथरूण पडलं. कोंडू कसाऱ्याहून आला, बायकोच्या उशाशी बसला आणि काय बोलावं ते न सुचून तिच्या पायावर हात ठेवून राहिला. सकुबाई बहिणीच्या घरात पाहुणी म्हणून गेली आणि मोलकरणीसारखी राबली. रोज ती सुनेला एकच विचारायची, "काय होतंय ते सांग." आणि देवकी सांगायची. बरं असलं तर बरं, वाईट असलं तर वाईट. ते घर परक्याचं होतं, पण सकुबाईला आता कुठल्याच भिंतीची पर्वा उरली नव्हती.

पौषात, वेळेच्या बऱ्याच आधी, मुलगी झाली. इतकी लहान की सुपात निजवली तर सूप मोठं वाटावं. आणि ती रडली. मांजराच्या पिलाएवढा आवाज, पण रडली. सकुबाई दाराबाहेर जाऊन जमिनीवर बसली.

चैत्रात, नात चांगली बाळसं धरून होती. सकुबाई अंगणात पाय पसरून तिला पायांवर घेऊन तेल चोळत होती. बाईजा आली. पुस्तकाच्या परीक्षेचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नव्हता. थोडा वेळ ती इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "आमच्या जनीला दिवस गेलेत."

"बरं झालं गो!"

"ते तुमचं बुक... कामाचं हाय का? खरं सांग."

सकुबाईनं नातीला पालथी केली. "अर्धं कामाचं, अर्धं बिनकामाचं."

"कुठलं अर्धं कामाचं?"

"ते आधी कळत नाय. देवकी वाचंल, जनी ऐकंल. पन तिला एकटीला धाडू नको. तू तिच्या बाजूला बस. आन् ऐकताना तिचं तोंड उतरलं तर तिला इचार."

"काय इचारू?"

"भ्या वाटतंय का, येवढंच."

बाईजाची स्वतःची नऊ बाळंतपणं झाली होती. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.