पहिला घोट

थोरला दीर छोफेल नव्या गोठ्याच्या दाराची फळी पहारीने उचकटत होता, आणि लुमोत्सो आत वासराच्या बरगड्यांवरून हात फिरवत उभी होती.

"ठरलं होतं ना? हिवाळा सरला की दोघांची वासरं शेजारी शेजारी उभी करायची, तुझी हरली तर हा गोठा मोडायचा. बघ आता. माझी उघड्यावर राहून टणक झाली, तुझी ऊब खाऊन सुकली."

"उबेनं कुणी सुकत नाही, भाऊजी."

"मग दृष्ट लागली म्हण."

आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात लुमोत्सोची वासरं उभ्या उभ्या गोठली होती. म्हणून आईची पोवळ्यांची माळ देऊन तिने दगड-शेणाच्या भिंती घातल्या, वर ऊन आत यावं म्हणून पारदर्शक प्लास्टिक ताणलं. घरादाराने नाकं मुरडली. एकट्या सासूने, आमाने, पाठीवर हात ठेवला. 'तुझे हात फुटलेत पोरी, धारा मी काढते, तू गोठा सांभाळ.' त्या शब्दावर लुमोत्सोने सगळा हिवाळा काढला.

एवढ्यात आमा बादली घेऊन आली. लुमोत्सोने वासरू सोडलं. वासराने तोंड लावल्याशिवाय याकची मादी पान्हा सोडत नाही. म्हणून आधी थोडं त्याला, मग माणसाला, आणि शेवटचं पुन्हा त्याचंच, ही वाडवडिलांची रीत.

वासरू आईकडे धावलं. एकच घोट घेतला. बादलीची कडी वाजली तसं ते आपणहून मागे सरलं, खुंटीपाशी गेलं आणि दाव्यासाठी मान खाली घालून उभं राहिलं.

त्याला कुणी ओढलं नव्हतं.

रोज एका घोटावर ओढलं जातं तेच वासरू असं शिकतं, हे ओळखून लुमोत्सोने आमाकडे पाहिलं. आमा दुसरीकडेच बघत होती.

"आमा, याच्या वाट्याचं दूध कुठं जात होतं?"



"थोरल्याच्या वासरांना."

छोफेलची पहार थांबली. "मला न सांगता?"

"तुझा शब्द खाली पडला असता," ती म्हणाली. "धाकट्याच्या बायकोपुढं."

मायेने बोलून केसाने गळा कापला होता. लुमोत्सोने सासूच्या हातातून बादली काढून घेतली आणि लांब ठेवली. मग वासराला मानेला धरून पुन्हा आईच्या सडांशी नेलं.

"पी रे. आता कुणी ओढत नाही."

त्याने एक घोट घेतला, आणि ते पुन्हा खुंटीकडे निघालं.