खालचं घर

गल्लीत सगळे त्यांना शिवणकाकू म्हणत. नवरा कारखान्यात लेथवर होता. तो निवृत्त झाल्यावर दोघांनी घरावर दोन खोल्या चढवल्या, स्वतः वर राहायला गेले आणि खालचं घर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एकाला भाड्याने दिलं. सोबत त्याची म्हातारी आई. माणूस सालस, त्याच्याकडे नोंदणीचा विषय काढायला काकूंना कसंतरीच वाटलं, म्हणून करार साध्या कागदावर उरकला. भीड भिकेची बहीण, हे त्यांना फार उशिरा कळलं.

दोन वर्षांनी नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू पार गेली. जिना अरुंद, पायऱ्या एकोणीस. दवाखान्यात न्यायचं तर त्यांना खुर्चीला बांधून उतरवावं लागे. खुर्चीचे पुढचे पाय घड्याळवालाच धरायचा आणि पायऱ्या मोजत उलटा उतरायचा.

"भाऊजी, आम्हाला आता खालचं घर लागेल," एके दिवशी काकू म्हणाल्या. "हवं तर तुम्ही वर या."

"वहिनी, आईचं डोकं ठिकाणावर नाही. वर आणली तर एक दिवस जिन्यावरून पडेल. सात घरं पाहिली मी. दिवसभर ओरडते म्हटल्यावर कोण घेतंय?"

काकूंनी चार महिने वाट पाहिली. मग शहाण्याने चढू नये ती पायरी चढल्या.

"साध्या कागदाला इथे कोण विचारतो?" वकील म्हणाला. "तुमची गरज खरी आहे हे आता आपणच सिद्ध करायचं."

प्रकरणाचं भिजत घोंगडं झालं. कधी नोटीस परत आली, कधी न्यायाधीश बदलले, कधी डॉक्टरच्या दाखल्यावरची तारीख चुकली. एकदा समोरच्या वकिलाने विचारलं, "तुमचे यजमान वर्षभर वरच राहताहेत ना? मग अडलंय कुठे?"

दवाखान्याची खेप सोडली तर वर्षभरात त्यांनी रस्ता पाहिला नाही, येणाजाणाऱ्यांना नुसत्या आवाजावरून ओळखतात, हे काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण "हो, वरच राहतात," एवढंच तोंडातून निघालं.

दुसऱ्या दिवशी घड्याळवाला मान खाली घालून खुर्ची धरायला आला. तो गेल्यावर काकू धुसफुसू लागल्या, तसा नवरा अर्ध्या तोंडाने म्हणाला, "त्याला बोलू नकोस. आई आहे त्याची."

तिसऱ्या वर्षी, एका दुपारी, नवरा वरच गेला. या वेळी खाली न्यायला खुर्ची लागली नाही.

पंधरा दिवसांनी वकिलाने बोलावलं. "गरज ज्यांची होती ते राहिले नाहीत. आता तुमच्या गुडघ्यांचं काहीतरी दाखवू. दुखतात ना?"

"दुखतात. पण चढते मी." काकूंनी दावा मागे घेतला.

घड्याळवाला वर आला, दाराशीच उभा राहिला. "वहिनी, मी जागा सोडली असती तर दादा..."

"तर दारात बसले असते. चार माणसं दिसली असती त्यांना." काकूंच्या आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. "राहा तुम्ही. पण करार नोंदवायचा."

नोंदणीच्या कचेरीत कारकुनाने वर न बघताच विचारलं, "घर कुणाचं? मालक कुठायत?"

घड्याळवाल्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मालक गेले," काकू म्हणाल्या. मग स्वतःलाच समजावल्यासारखं, "आता मीच मालक."

कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला. काकूंचा पहिला ठसा फिसकटला. दुसरा नीट उठला.