नदीपलीकडचा सुगंध

ऊन उतरू लागलं की झाफिसोआच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. बाया पोरं काखेत मारून यायच्या, म्हातारे काठ्या टेकत यायचे. सगळ्यांची नजर ओसरीच्या खांबाकडे. खांबाला बांधलेल्या ऑर्किडवर चांदणीसारखी पांढरी फुलं आली होती, आणि प्रत्येक फुलामागे वीतभराहून लांब हिरवट शेपटी लोंबत होती. दिवसभर नाक लावून हुंगलं तरी त्यांना वास नसे.

वेलोंझारा मांत्रिक अकॉर्डियन छातीशी धरायचा, रमची चूळ खांबावर फुंकायचा आणि ओरडायचा, "ये गं पोरी! आई वाट बघतेय!"

सूर्य बुडायचा, आणि खरोखरच अंगण दरवळून जायचं.

"आली! फेनोसोआ आली!" बाया डोळ्यांना पदर लावायच्या.

झाफिसोआ फक्त डोळे मिटून श्वास घ्यायची. तिची थोरली मुलगी फेनोसोआ गेल्या थंडीत तापानं गेली होती. वादळात कोसळलेल्या झाडावरून हे रोप त्या पोरीनंच आणलेलं. शेळ्या खातील म्हणून चुलीपाशी अंधारात ठेवलं, रोज पाणी पाजलं. तिच्या हयातीत ते एकदाही फुललं नाही. ती गेल्यावर आईला ते डोळ्यांसमोर नकोसं झालं, म्हणून तिनं ते बाहेर खांबाला बांधून टाकलं. वर्ष भरत आलं, आणि कळ्या धरल्या.

"शाळेतल्या झाडावरही हेच फुललंय की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "पोरीनंच आजारी पडायच्या तोंडावर अर्धं तोडून बाईंना दिलेलं. माझी मुलं रोज बघतात. त्याला कसलाच वास नाही."

"मग मी काय सांगतोय, शहाण्या?" वेलोंझारा हसला. "तिथं नुसता पाला, इथं पोरगी! आईचं घर सोडून लेक शाळेत कशाला मुक्काम करील? इथं पाढे म्हणायला आलीय का ती?"

सगळे खो खो हसले. शाळा नदीपलीकडे होती. सूर्य मावळल्यावर नदी ओलांडायची नाही, ही पूर्वजांनी घातलेली बंदी. त्यामुळे शाळेतली संध्याकाळ गावात कुणी पाहिलेलीच नव्हती.

मग झाफिसोआचा धाकटा मुलगा तोम्बो तापला. वेलोंझारानं एका फुलाची शेपटी चिमटली आणि टपकलेला थेंब पोराच्या जिभेवर ठेवला. "बहिणीचे अश्रू आहेत हे. गोड लागतात बघ. पण घरात गोळ्या आणल्यास तर ती रुसेल, बाई. पुन्हा यायची नाही."

झाफिसोआनं गोळ्या आणल्या नाहीत. पोराचा ताप चढत गेला.

दुपारी शाळेच्या बाकोलीबाई आल्या. त्यांनी तोम्बोच्या कपाळावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "नदीपलीकडे दवाखान्यात चल, झाफिसोआ. आत्ता."

"ती रुसेल हो बाई."

"माझ्याकडे तिनंच दिलेलं रोप आहे. आजची संध्याकाळ शाळेतल्या त्या झाडाशेजारी माझ्या ओट्यावर बस. तिथं वास आला तर दवाखान्यात जायचं, नाही आला तर पोराला घरी परत घेऊन ये. मी तोंड उघडणार नाही."

"आणि पूर्वजांची बंदी?"

"उजेडात ओलांडू. परतायचं सकाळी."

होडीत पोरगं आईच्या मांडीवर बरळत होतं. ओट्यावर बाकोलीबाई खोबरं खवत बसल्या. अकॉर्डियन नव्हतं, रम नव्हती, कुणी कुणाला हाक मारली नाही. सूर्य बुडाला.

वास आला. तोच.

झाफिसोआ उठून उभी राहिली. "ही... इथंसुद्धा येते?"

"कुणी येत नाही, बाई." बाकोलीबाईंनी खवणी बाजूला ठेवली. त्यांनी फुलाची शेपटी चिमटली. थेंब टपकला, तोच गोड. "हा मध आहे. लांब सोंडेचा एक पतंग अंधार पडल्यावर तो प्यायला येतो. त्याच्यासाठी हे फूल संध्याकाळीच वास सोडतं. रानात मधाची पोळी काढत हिंडणाऱ्या वेलोंझाराला हे ठाऊक आहे."

"मग ती गेल्यावर वर्षभरातच कसं फुललं?"

"त्याला उजेड हवा असतो, मुळांना वारा हवा असतो. तू बाहेर बांधलंस, म्हणून फुललं."

"म्हणजे ती असताना बाहेर काढलं असतं तर..."

"तिनं फूल पाहिलं असतं."

झाफिसोआनं पदर तोंडात कोंबला. मुलगी गेली त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती. मग तिनं पोराला उचललं आणि दवाखान्याची वाट धरली.

तोम्बो वाचला. पण उशीर झाला होता. त्याचा एक कान कायमचा गेला.

ती परतली त्या संध्याकाळी अंगण पुन्हा भरलेलं होतं. वेलोंझारानं अकॉर्डियन उचललं. झाफिसोआनं त्यावर हात ठेवला. "वाजवू नकोस. आज गप्प बसून बघू."

"रुसेल हां पोरगी!"

"रुसायला ती असावी लागते."

सगळे गप्प बसले. सूर्य बुडाला, आणि हाक न मारताच अंगण दरवळलं. वेलोंझारा कधी सटकला ते कळलंही नाही. झाफिसोआनं एकेका फुलाची शेपटी चिमटून बायांच्या तळहातावर थेंब ठेवला.

"चाखा. हे माझ्या लेकीचे अश्रू नाहीत, फुलाचा मध आहे. माझी लेक मेली. मला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून मी दुसरं लेकरू मरणाच्या दारात नेलं. तुमच्या घरातलं कुणी गेलं तर रडा, माझ्याकडे या, आपण मिळून रडू. पण गेलेल्याला बोलावून देतो म्हणणाऱ्याला एकदा गप्प बसवून बघा. आणि ताप आला तर आधी दवाखाना गाठा."

तोम्बोनं चांगला कान तिच्याकडे वळवला. "आई, मग हे रोप टाकायचं?"

"नाही रे. तिला फूल बघायचं होतं ना? आपण बघू."