वाळवायचं राहिलं

"पाणी कमी पडलंय," थोरला म्हणाला आणि वाफ्याकडे पाठ करून उभा राहिला.

 खाली बसून धाकटीने वाळल्या गवताचा थर हलकेच बाजूला केला आणि दोन बोटं मातीत खुपसली. माती गार होती. पांघरुणाखाली असावी तशी, ओलसर, भुसभुशीत. बोटं वर काढली तर कण चिकटून आले. तहानलेली माती बोटाला चिकटत नाही, हे तिला शिकवलं होतं ते याच माणसाने.

वर मात्र झिनियाची रोपं बघवत नव्हती. देठ पिळवटलेले, शेंडे जमिनीकडे वळलेले, पानं आत मुडपून पन्हाळीसारखी झालेली. धुणं पिळावं तसं कुणीतरी एकेक रोप धरून पिळून ठेवलं होतं.

"दादा, ही तहान नाही."

"मग तूच सांग काय आहे ते. हल्ली तू मोठी झालीस ना."

तो गवत कापायच्या यंत्राकडे निघून गेला. चालताना त्याचा उजवा पाय जरा बाहेर पडत होता. हे तिने पाहिलं, आणि रोपांच्या काळजीत विसरूनही गेली.

बावीस वर्षं थोरला या हॉस्पिटलचा माळी होता. पुढे गोल हिरवळ, बायकांच्या वॉर्डाच्या खिडक्यांखाली दोन लांब वाफे, आणि मागच्या बाजूला दोन खोल्यांचं क्वार्टर. क्वार्टर नोकरीबरोबर आलेलं, नोकरीबरोबर जाणारं. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने हात वर केले तेव्हा धाकटी कडेवर तान्ही चिऊ घेऊन तिथेच आली. थोरल्याने वहिनीला विचारलं नाही, मेट्रनबाईंना विचारलं. "बहीण आहे माझी. तिला माती कळते," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. माती कसली कळते! पहिल्याच आठवड्यात तिने तण समजून तेरड्याची अख्खी रांग उपटून टाकली होती. थोरल्याने डोक्याला हात लावला, आणि कुणी उठायच्या आत ती रोपं परत जागेवर लावून टाकली. "मेट्रनबाईंनी विचारलं तर सांग, तेरडा आज जरा सुस्त आहे," म्हणाला होता.

मग त्याने तिला सगळं शिकवलं. त्यात पांघरूण पहिलं, म्हणजे हिरवळीवरून कापलेलं गवत वाळवून मातीवर द्यायचा थर. मेट्रनबाई त्याला कचरा म्हणायच्या, बागकामाच्या पुस्तकात आच्छादन लिहिलेलं होतं. थोरल्याचा शब्द पांघरूण. "माणूस काय नि माती काय, उघडं पडलं की नको ते येऊन बसतं. झाकून ठेवलीस तर तणाला ऊन दिसत नाही, ऊन दिसलं नाही की त्याचं डोकं वर येत नाही." चार बोटं जाडीचा थर द्यायचा. रोपाच्या गळ्याशी मात्र मोकळं ठेवायचं, नाहीतर खोड कुजतं. आणि गवत दोन दिवस उन्हात उलटंपालटं करून वाळवल्याशिवाय टाकायचं नाही. "ओलं टाकशील तर खाली भट्टी पेटेल. मुळं शिजतील. ओलं गवत टाकणाऱ्याने बागेत पाऊल ठेवू नये, सरळ घरी बसावं."

धाकटीने गवत दोन दिवस नाही, तीन दिवस वाळवलं होतं. मग हे काय झालं?

दुपारी ती हिरवळीवरून पाण्याचा पाइप ओढत जात होती. पायाखाली काहीतरी वेगळं दिसलं म्हणून वाकली. गवत ठणठणीत हिरवंगार होतं. पण गवताच्या मधून उगवणारं रुंद पानांचं तण, जे थोरला दर आठवड्याला खाली बसून खुरप्याने काढायचा, ते सगळं पिळवटून आडवं झालं होतं. थेट झिनियासारखं.

ती पाइप तिथेच टाकून अवजारांच्या खोलीत गेली. यंत्रामागे, रिकाम्या गोणपाटांखाली पाठीवरचा फवारणीचा पंप होता. शेजारी तणनाशकाचा डबा. निम्मा रिकामा.

थोरला दारात येऊन उभा राहिला होता.

"कधी मारलंस हे?"

"झाले दहा-बारा दिवस."

"म्हणजे मी गवत वाफ्यात टाकायच्या आधी." तिने डबा हलवून बघितला. "मी टाकताना तू तिथेच उभा होतास दादा. चांगला बिडीला काडी लावत होतास!"

"उभा होतो."

"मग थांबवलं का नाहीस?"

थोरला गोणपाटांच्या ढिगावर टेकला. टेकला म्हणण्यापेक्षा पडला. दोन्ही हातांनी त्याने उजवा गुडघा धरून सरळ केला.

"थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. तणनाशक का, हातांना काय झालं, असं विचारलं असतंस. हात बरे आहेत गं. बसता येत नाही. दोन महिने झाले, उकिडवं बसलो की उठता येत नाही. एकदा सकाळी अर्धा तास त्या कुंपणाला धरून बसलो होतो, कुणी येऊ नये म्हणून देवाचा धावा करत. माळ्याला खाली बसता येत नाही म्हटल्यावर त्याला कोण ठेवेल?"

"मला सांगायचंस. मी केलं असतं तुझं काम."

"हो ना. आणि मी खुर्ची टाकून बसलो असतो. तुझ्या हाताखाली." मग खाली बघत म्हणाला, "वाटलं, वाळलंय गवत, उतरलं असेल विष. नाही उतरलं."

तिला राग आला होता, आणि राग ठेवायला जागा सापडत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "चार दिवस मी रोपांना पाणी पाजत बसले. वेड्यासारखी."

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई वाफ्यासमोर उभ्या राहिल्या. वॉर्डातल्या दोन बायका खिडकीतून डोकावत होत्या. "काल माझ्या खाटेवरून बघितलं तर फुलंसुद्धा आजारी," त्यांतली एक म्हणाली आणि दुसरीने तिला गप्प केलं.

"माळीकाका, काय आहे हे?" मेट्रनबाईंनी विचारलं. "बावीस वर्षांत असं बघितलं नाही मी."

थोरल्याने तोंड उघडलं. मिटलं.  धाकटी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. एक वाक्य, दादा. फक्त एक. मागच्या क्वार्टरमधून चिऊच्या हसण्याचा आवाज येत होता. वहिनी तिला आंघोळ घालत असणार.

"गवत मी टाकलं, बाई," धाकटी म्हणाली.

एवढं तर खरंच होतं. पण मेट्रनबाई बघतच राहिल्या, मग पुढचंही बोलावं लागलं.

"ओलंच टाकलं. वाळवायचं राहिलं. खाली तापलं ते."

शब्द तोंडातून गेले आणि तिला भर उन्हात उघडं पडल्यासारखं झालं. थोरला झटकन वळला. तिला वाटलं, आता बोलेल. पण त्याने नजर आपल्या चपलांवर नेली आणि तिथेच ठेवली.

"तीन वर्षं काकांच्या हाताखाली राहून एवढंही कळू नये?" मेट्रनबाई म्हणाल्या. "माळीकाका, तुमची बहीण आहे म्हणून घरी पाठवत नाही. उद्यापासून हिला लाँड्रीत पाठवा. तिथे तरी वाळवायला शिकेल."

खिडकीतल्या बायका हसल्या. विनोद चांगलाच होता.

संध्याकाळी दोघंही ताटातला भात नुसता चिवडत होती. वहिनीने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. "जेवा की! ताटाशी भांडण आहे का तुमचं?" मग चिऊला घास भरवत म्हणाली, "एवढं काय, चार झाडं गेली. माणसं तर आहेत ना जागेवर?" थोरला उठला आणि हात धुवायला बाहेर गेला. तो खूप वेळ हात धूत होता.

लाँड्रीत वाईट काही नव्हतं. मशीनचा घरघराट, साबणाची वाफ, आणि गच्चीवर चादरींच्या रांगा. इस्त्रीवाली तोंडाची फटकळ होती. "ए बागवाली, चादर वाळत घाल, लावू नकोस. उगवायची नाही ती!" धाकटीही हसायची. पण चादर झटकताना हात कोरडे, स्वच्छ राहायचे, आणि नखांत माती नाही म्हणून चिऊला रात्री थोपटताना तिला ते हात दुसऱ्याच कुणाचे वाटायचे. थोरल्याशी ती बोलायची, पण लागेल तेवढंच.

पंधराव्या दिवशी सकाळी गच्चीवर तिसरी चादर तारेवर टाकताना तिने खाली बघितलं.

मेलेली रोपं, विषारी गवत, सगळं उचलून झालं होतं. उघड्या मातीवर तण फोफावलं होतं. आणि वाफ्याच्या एका टोकाला, मातीतच, गोणपाटावर थोरला बसला होता. उकिडवा नाही. दोन्ही पाय लहान मुलासारखे पुढे सरळ पसरून. हाताला येईल तेवढं तण उपटायचा, मग दोन्ही तळवे मातीत रोवून ढुंगण वीतभर पुढे सरकवायचा. शेजारून वॉर्डबॉय, पेशंट, पेशंटचे नातेवाईक जात होते. कुणी थांबून बघत होतं.

हातातली ओली चादर खांद्यावर तशीच टाकून धाकटी जिने उतरली.

"दादा, अरे काय हे? ऊठ. सगळे बघतायत."

"बघू दे."

"मेट्रनबाई येतील."

"येऊन गेल्या." त्याने एक तण मुळासकट ओढून काढलं, माती झटकली, ढिगावर ठेवलं. "विचारलं, गुडघ्यांना काय झालं. सांगितलं, गुडघे गेले. महिनाअखेरपर्यंत बघू म्हणाल्या."

"आणि?"

थोरल्याचे हात थांबले.

"आणि दुसरंही सांगणार होतो. ओठांपर्यंत आलं होतं." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "नाही आलं गं बाहेर."

 धाकटीने हात पुढे केला. त्याने तो बघितला, पण धरला नाही.

"उठवू नकोस. त्या टोकापर्यंत जाऊ दे मला. मग मीच हाक मारीन तुला. तेव्हा उठव."

पाऊण तासाचं काम होतं तिच्या हाताला. त्याला दुपारही पुरली नसती. तिची बोटं आपोआप वाफ्याकडे वळली, तशी तिने ती चादरीत घट्ट गुंडाळून घेतली.

गच्चीवरून इस्त्रीवाली ओरडली, "ए बागवाली, चादर कुठे पळवलीस?"

तिने वर बघितलं नाही. ती वॉर्डाच्या पायरीवर बसली, ओली चादर मांडीवर घेऊन. थोरल्याने तळवे रोवले, श्वास रोखला आणि एक वीत पुढे सरकला. वाफ्याचं दुसरं टोक अजून बरंच लांब होतं.