वेचणाऱ्यांचा वाटा

कौशल्या बांधावर बसली. मागोमाग दहा-बारा जणी बसल्या. ओट्या बांधलेल्या, हात रिकामे. तिवशाजवळचं उत्तमराव पाटलांचं वावर बोंडं फुटून पांढरंशुभ्र झालेलं, आणि वेचायला कोणी उतरेना.

"यंदा मजुरी जवारीत," पाटलांनी सकाळीच सांगितलं होतं.

म्हणजे आजीच्या वेळेपासूनचा वाटा, वेचलेल्या दहा ढिगांतला एक वेचणाऱ्यांचा, तो बंद.

समुद्रापलीकडे

(कौशल्या तिथे कधी गेली नाही. तिनं वेचलेला कापूस गेला.) अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, विलायतेच्या गिरण्या उपाशी राहिल्या. मग त्यांना वऱ्हाड आठवलं. अमरावतीच्या बाजारात भाव असा चढला, की वाट्याचा तो एक ढीग पाटलांच्या डोळ्यांत सलू लागला.

पुन्हा बांधावर

"भाव विलायतेनं वाढवला, कौशल्ये. तुमी काय केलं त्यात?"

"मंग वेचाले बायकाबी विलायतेहून आणा ना, पाटील!"

बायका खिदळल्या. पाटील नाही.

गंगूबाई कानाशी लागली. "माय, घरी दाणा नाही. घेऊन टाकू का जवारी?"

दाणा कौशल्याच्या घरीही नव्हता. जो तो कापूस पेरू लागल्यानं जवारी महागली होती. आज हो म्हटलं तर चूल पेटेल. वाटा मात्र कायमचा गेला. ती हलली नाही.

वारा

सुटला. कापूस गळून मातीत पडू लागला, त्याला पाचोळा चिकटू लागला. शेजारच्या वावरातून पुंजारामनं हाक दिली, "माह्याकडे या वो! मी देतो वाटा!"

सगळ्या उठल्या.

"कुठं चालल्या?" पाटील ओरडले.

"वाटा हाये तिथं."

"काहून एवढी घाई? घ्या, दहातला एक."

"आठातला," कौशल्या म्हणाली. "जवारी महाग हाये."

पाटलांनी मातीतलं एक बोंड उचललं, झटकलं. पाचोळा निघेना. "आठातला," ते पुटपुटले.

मग वेचणीआधीची पूजा, सीतादही, झाली. पहिल्या झाडाला दहीभात वाहून बायका आपापल्या ओळीला लागल्या.

दिवस कलताना पाटील म्हणाले, "तुमचे वाटे मीच घेतो विकत. अमरावतीले कशाले पायपीट करता?"

"पाहू द्या ना आमालेबी अमरावती."

मूठभर कापूस वाण्याला देऊन कौशल्यानं जवारी आणली. उरलेल्याचं गाठोडं बाजाराच्या दिवशी डोक्यावर घेतलं. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग लागलेली. बैलांच्या शिंगांमधून वाट काढत ती थेट दलालापुढे जाऊन उभी राहिली. त्यानं कापूस चिमटीत ओढून पाहिला. स्वच्छ, लांब धाग्याचा.

"कोणाचा माल?" तिच्यामागे कोणी पाटील दिसतो का, ते पाहत त्यानं विचारलं.

"माहा," कौशल्या म्हणाली. "भाव बोला."