पावडरचं माप

अप्पा गच्चीवरून खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातात तो स्पंज होता. दोन वाकळांच्या मधोमध, दोरीवर, चिमटा लावून मीच तो वाळत घातला होता. सकाळी माशांच्या फिल्टरच्या डब्यातून काढला तेव्हा काळपट, बुळबुळीत होता. आता नव्यासारखा पांढरा झाला होता. मला वाटलं होतं, बघून खूश होतील.

त्यांनी तो नाकाजवळ नेला. एकदाच वास घेतला.

"नळ्याबी धुतल्यास?"

"व्हय अप्पा. सगळंच. वाकळांसंगं टबात भिजवलं."

"पावडर टाकून?"

मी मान हलवली. कडेवरची लेक, भाग्या, स्पंज धरायला हात पुढं करत होती.  अप्पा चपला न काढताच हॉलमध्ये गेले आणि माशांच्या टाकीसमोर उकिडवे बसले. आमच्या घरात चपला घालून आत आलेलं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

अप्पा म्हणजे माझे सासरे, अमृतप्पा. मूळ कमठाण्याचे, पण एकतीस वर्षं बीदरमध्ये, गावाला पाणी सोडणाऱ्या पंपावर नोकरी केली. पंप चालू करायचा, टाकी भरायची, पाण्यात मापून ब्लीचिंग पावडर सोडायची. पावडरचं माप म्हणजे एक पत्र्याचा डबा, त्याला आतून खिळ्यानं मारलेली रेघ. रोज पहाटे पाणी सोडलं की गल्लीतल्या पहिल्या नळाशी जाऊन ओंजळभर पाणी हुंगायचे. एकतीस वर्षांत एकदाही पावडर कमी नाही, जास्त नाही, हे ते जेवताना, लग्नात, मयतीलाही सांगायचे. रिटायर झाले तरी मापाचा तो डबा आणि अर्धं पिंप पावडर न्हाणीघराच्या माळ्यावर होतीच. मी काढली ती तिथूनच.

सासूबाई, गुरुबाई, दोन हजार आठ साली गेल्या. त्यानंतर अप्पांचे पाय घरात ठरेनात. सकाळी बाहेर पडायचे ते कुठल्याशा बोरवेलवर, कुणाच्या मोटारीपाशी उभे राहायचे. दुपारी यायचे, जेवून पुन्हा जायचे. किरणकुमार, माझे मालक, पुण्यात कंपनीत. जूनपासून भाग्याची शाळा, म्हणजे मी आणि ती पुण्याला जाणार हे ठरलेलं. न ठरलेलं एकच, अप्पांचं काय. ते म्हणायचे, मी इथंच. किरण म्हणायचे, एकट्याला गॅससुद्धा बंद करायचा सुधरत नाही. आणि दिवाळीत येऊन निकाल लावतो म्हणायचे.

टाकी किरणनंच घेतली, अप्पांना घरात बसायला काहीतरी कारण हवं म्हणून. दोघं हैदराबादला जाऊन घेऊन आले. ती खरेदी अप्पा अजून रंगवून सांगतात. दुकानदार टाकीवर बसवायचा स्वस्त फिल्टर दाखवायला लागला. अप्पांनी बोट केलं खालच्या कप्प्यातल्या मोठ्या डब्याकडं. तो टाकीखाली ठेवायचा. एका नळीनं टाकीतलं पाणी खाली डब्यात येतं, आत स्पंजातून, चिनी मातीच्या पोकळ नळ्यांतून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. दुकानदार म्हणाला, शंभर लिटरच्या टाकीला हा छोटा बस है चाचा, ताशी चारशे लिटर देता. अप्पांनी विचारलं, कितने फूट पे? दुकानदाराला कळेना. मग अप्पांनी त्याला अर्धा तास शिकवलं, की खोक्यावरचा आकडा पंप पाणी चढवत नसताना काढलेला असतो, वर ढकलायला लागलं आणि स्पंज भरला की निम्मा उरतो. सहाशेचा घेतला. सोबत रबरी रिंग जादा मागून घेतली, झाकणातून पाणी गळायला लागलं तर बीदरला मिळायची नाही म्हणून.

दुकानदारानंही जाता जाता एक गोष्ट शिकवली. स्पंजावर तपकिरी चिखल साचतो तो मळ नव्हे, त्यात जिवाणू असतात. माशांची घाण तेच खातात. नळाच्या पाण्यात पावडर असते, त्यानं धुतलं की मेले.

हे ऐकून अप्पा कितीतरी दिवस हसत होते. "एकतीस साल ज्यास्नी मारलो," मला म्हणाले, "आता त्यास्नीच पाळायलो बघ."

आणि पाळले. महिन्यातून एकदा डबा उघडायचे. आधी टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, त्यातच स्पंज दोनदा दाबायचा, बस. नळ्यांना तर हात नाही. रबरी रिंगला व्हॅसलीन. लाइट तीन तास गेली की परत आल्यावर डब्यातलं साचलेलं पाणी आधी बाहेर ओतायचे, मगच पंप चालू. कोंडलेलं पाणी टाकीत गेलं तर मासे गुदमरतात म्हणे. लाइट तर रोजच जायची. त्यामुळं अप्पा घरात राहायला लागले. फोनवर किरण मासे कसे आहेत हे आधी विचारायचे आणि मग आमचं. एकदा मला म्हणाले, अप्पा ती टाकी सांभाळतात तशी स्वतःला सांभाळतील, राहू दे त्यांना तिथं. मी हे अप्पांना सांगितलं. त्या दिवसापासून ते फिल्टरला दोन बोटांनी हात लावून बघायचे, दर तासाला, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

आणि मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि आत शिरलं नव्हतं. टाकीतल्याच पाण्यात धुणं मला म्हाताऱ्याची काटकसर वाटायची.

दसरा काढायचा म्हणजे आमच्याकडं घरातली चिंधीसुद्धा पाण्यातून काढायची. घट बसायच्या आत वाकळा, पडदे, डबे, माळ्यावरची पितळी, देवाचं सगळं. सासूबाई असताना दोघी करायचो. आता मी एकटी, कडेवर भाग्या. ती झोपली की टब भरायचा, उठली की सोडायचा. तीन दिवस घर असं उलटंपालटं, माझा हात कुठं थांबतच नव्हता. थांबला की काहीतरी राहिलं असं वाटायचं. त्या दिवशी अप्पा कमठाण्याला कुणाच्या तरी मयतीला गेले होते. त्यांचे गुडघे हल्ली दुखायचे. खाली बसून डबा उघडायला त्रास व्हायचा. मनात आलं, हेही उरकून टाकावं. डबा उघडला तर आतून असा वास आला, की शरमच वाटली मला. आपल्या घरात, दसऱ्याला, ही घाण. सगळं धुऊन स्पंज तेवढा वाळत घातला, नळ्या परत डब्यात बसवून पंप चालू केला.

मासे नऊ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वर तोंड काढून हवा खायला लागले. अप्पांनी अर्धं पाणी बदललं, विहिरीचं आणून घातलं, पावडर उडून जावी म्हणून नळ्या काढून उन्हात ठेवल्या. विहिरीचं पाणी घेऊन ते ह्या पातेल्यातून त्या पातेल्यात ओतत बसले, हवा मिसळावी म्हणून, जेवणाची वेळ टळेपर्यंत.  मी भाग्याला भरवत होते; घास तिच्या तोंडाकडं न जाता मधेच थांबायचा. तिसऱ्या दिवशी दोन उरले.

रविवारी किरणचा फोन आला. मी स्पीकर लावला. रात्रभर वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते तोंडाशी आलं होतं. किरणनं विचारलं, मासे कसे आहेत. अप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"सात मेले," ते म्हणाले. "पावडर पडली डब्यात. माझ्या हातून."



"तुमच्या हातून, अप्पा?"

"व्हय. वय झालं. इसरलो."

मी पुढं झाले. अप्पांनी दुसरा तळहात माझ्यासमोर असा धरला, जसा ते पंप बंद करायच्या आधी हेल्परला धरत असतील. किरण मग हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागले. बरं, बरं. होतं असं. आता काळजी करू नका, जूनला तुम्हीही इकडंच या. एकटं नको. अप्पा हूं, हूं म्हणत राहिले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कामून अप्पा? कामून असं सांगितलात?"

"तुला बोलला असता."

"बोलू द्या की. माझी चूक होती."

"तू नवी हाईस पुण्याला. तिथं घरात तू आन तो. पयल्याच दिवशी तुझ्या नावावर ठपका कशाला." ते उठले, गुडघ्यावर हात देऊन. मऊ झाले की ते कानडीत जायचे. "होगली बिडव्वा," म्हणाले. जाऊ दे गं. "माझं काय, मी रिटायर माणूस."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाग्या झोपल्यावर मी गच्चीवर गेले आणि किरणना फोन करून खरं ते सांगितलं. स्पंज मी धुतला, पावडर मी टाकली. ते ऐकून घेऊन हसले. म्हणाले, तू अप्पांची बाजू घेतेस हे मला माहीत आहे, चांगलं आहे. पण त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, आणि पावडरच्या बाबतीत अप्पा खोटं बोलणार नाहीत.



दिवाळीत घर भाड्यानं द्यायचं ठरलं. अप्पांनी हो म्हटलं. त्यांनी मापाचा पत्र्याचा डबा भंगारवाल्याला दिला, त्याचे पैसेही घेतले नाहीत. मयतीला, लग्नाला जायचे, पण एकतीस वर्षांची ती गोष्ट त्यानंतर कुणी त्यांच्या तोंडून ऐकली नाही. टाकी मात्र पुन्हा हळूहळू मार्गी लागली. दोन मासे, चिमूटभर खाणं, आणि महिन्यागणिक तपकिरी होत जाणारा स्पंज. पहिल्यांदा चिखल धरला तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवला.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही बसनं निघालो. टाकी, फिल्टरचा डबा, नळ्या हे सगळं सामानात आधीच गेलं होतं. दोन मासे पाण्याच्या कॅनमध्ये, अप्पांच्या पायांशी. मांडीवर मात्र सासूबाईंचा शेवेचा स्टीलचा डबा. त्यात टाकीचं जुनं पाणी आणि तो स्पंज. मी म्हटलं होतं, अप्पा, पुण्यात नवा मिळंल की. ते म्हणाले, मासेबी मिळतेत तिकडं, ह्याच्यातलं मिळत न्हाई.

दर स्टँडवर ते झाकण थोडं उघडायचे, हुंगायचे, परत लावायचे. बाहेर ऊन होतं. भाग्या खिडकीशी झोपली होती, मी तिच्या डोक्याखाली हात घेऊन तशीच अवघडून बसले होते, सामान पुन्हा पुन्हा मोजत. उमरग्याला बस थांबली. अप्पांना खाली उतरायचं होतं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. शेजारची सीट रिकामी होती, तिथं डबा ठेवता आला असता.

त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. माझा मोकळा हात उचलून झाकणावर ठेवला.

"हालवू नको," म्हणाले. "आन बोटभर उघडं ठेव. जिवंत हाय ते."